वहिनीच्या गळ्यातला खडा

आत्याच्या कामाच्या खोलीत शिरायचं तर आधी बाहेरचं हवामान ओरडून सांगावं लागे. टकटक वगैरे नाही. दाराशी उभं राहायचं आणि बातम्या वाचणाऱ्यासारखा चेहरा करून म्हणायचं, "ऊन!" आतून लगेच, "थांब!" मग कापड ओढल्याची सळसळ, डबीचं झाकण लागल्याचा टक् आवाज, आणि मग, "ये आता. पडदा नीट लाव मागे. ऊन सांडू नकोस घरभर." आभाळ भरून आलेलं असलं तर "ढग!" म्हणायचं. दिवेलागणीनंतर काहीच म्हणायची गरज नसे, आणि नेमके तेव्हाच सगळे सवयीनं "ऊन!" म्हणून ओरडत. आत्या आतून म्हणे, "हो का? मग टोपी घालून ये."

नियम अण्णांचा. अण्णा म्हणजे आत्याचे वडील. ते खड्यांना पैलू पाडायचे, आणि आत्या त्यांच्याच शेजारच्या स्टुलावर बसून ते काम शिकली. अण्णा कधीच गेले, आत्याचेही केस पिकले, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला. तरी खिडकीला तोच जाड काळा पडदा होता, टेबलावर तोच पिवळा दिवा, आणि फिरत्या चाकावर थेंबथेंब पाणी सोडणारा तोच पोचे पडलेला डबा. गल्लीतली पोरं तिला वटवाघूळ म्हणत. तिला ते माहीत होतं. एकदा तिनं पडद्यातून फक्त नाक बाहेर काढून सुनावलं होतं, "वटवाघूळ उलटं लटकतं रे! मी सरळ बसते. एवढा तरी अभ्यास करा."

खरं तर बहुतेक खड्यांना उन्हाशी काही देणंघेणं नसतं. लाल गार्नेट वर्षभर गच्चीवर वाळत घाला, त्याच्या कपाळावर आठी येणार नाही. हा सगळा पडद्यांचा कारभार एकाच खड्यापायी होता: कुंझाइट. रंग गुलाबी, जरासा जांभळ्याकडे कललेला. ज्या खनिजाचा हा खडा, त्यात लिथियम नावाचा हलका धातू असतो. खाणीतून ते खनिज ढिगानं निघतं, पण त्यातलं फार थोडं खडा होण्याच्या लायकीचं. बाकीचं भरडून कारखान्यात जातं. आणि जे थोडं वाचतं, त्याचा तोरा असा की विचारू नका. उन्हात राहिला की रंग उतरतो. एका कवडशानं काही होत नाही, महिने जावे लागतात, हे अण्णांनाही ठाऊक होतं. पण ते म्हणत, "एका कवडशाला हो म्हटलं, की पुढचे विचारायला थांबत नाहीत."

भाची, म्हणजे भावाची मुलगी, लहान असताना आत्या तिला मांडीवर घेऊन कामाला आलेला एखादा कुंझाइट दिव्याखाली धरायची आणि एक खेळ खेळायची.

"बाजूनं बघ. काय दिसतं?"

"काही नाही. पाणी."

"आता टोकाकडून बघ."

"अय्या, गुलाबी! आत्या, हा लाजला!"

"लाजतो ना! म्हणून टोक वर आणायचं आणि खडा खोल, म्हणजे जाड ठेवायचा. बाजू वर आणली की संपलं, मग नुसती काच गळ्यात घालून फिरा. आणि ह्याला कांद्यासारखे पदर असतात, बरं का. उभे. चुकीच्या बाजूनं जोर लागला की सरळ दोन तुकडे."

"कांद्यासारखे? मग तू कापताना रडतेस?"

"एकदा रडले होते," आत्या म्हणाली आणि तिनं डबीचं झाकण लावलं.

ते रडणं भावाच्या लग्नाच्या वेळचं. आत्याचा धाकटा भाऊ, घरादाराचा भाऊ. घराच्या दर्शनी खोलीत त्याचं सेल आणि टॉर्चचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाशी बोलायची भाषा त्याच्या जिभेला कायमची चिकटलेली होती. लग्न ठरवून आला तेव्हा अण्णांनी विचारलं, "मुलगी कशी आहे?" तर हा म्हणाला, "चांगली आहे. गॅरंटी देत नाही, पण टिकेल." ही गोष्ट वहिनीपर्यंत पोचली, आणि मग जन्मभर ती पाहुण्यांपुढे त्याचाच आवाज काढून, त्याच्यासारखीच मान तिरकी करून म्हणत राहिली, "गॅरंटी नाही हो माझी! पण बघा, टिकलेय."

तिच्यासाठी म्हणून अण्णांनी जपून ठेवलेला बोटाएवढा कुंझाइट आत्याच्या हातात दिला होता. आत्या तेव्हा तरुण होती, गार्नेटवर तिचा हात बसला होता, आणि हात बसलेल्या माणसाला घाई फार. तिनं गार्नेटसारखाच तो लाकडी कांडीवर लाखेनं चिकटवायला घेतला आणि लाख मऊ करायला स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवर धरला. टिच्! नख तुटल्यासारखा बारीक आवाज. खडा लांबीत उभा दुभंगला होता. या खड्याला एकदम उष्णता सोसत नाही, त्याला थंड गोंदच लागतो, हे तिला सांगितलेलं होतं. ऐकलेलंही होतं. अण्णांनी दोन्ही तुकडे भिंगाखाली पाहिले, एक तिच्या पुढ्यात ठेवला, दुसरा काळ्या फडक्यात गुंडाळला. "एकाचा कर," एवढंच म्हणाले.

त्या एकाचा तिनं जो खडा केला, तसा पुन्हा तिच्या हातून झाला नाही. सराफांनी तो पदकात बसवला. सराफ म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातले. त्यांना कुठलंही वाक्य सरळ बोलता येत नसे. भिंग डोळ्याला लावून ते म्हणाले, "तसं म्हटलं तर खडाच आहे. पण तसं म्हटलं तर खडा नाहीच हा." आणि रुमालानं डोळा पुसला.

आत्यानं पदक वहिनीच्या गळ्यात घालताना बजावलं होतं, "दिवे लागल्यावर घालायचं. उन्हात नाही."

"बरं वन्सं," वहिनी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच खडा गळ्यात घालून, भर उन्हात, अंगणातल्या दोरीवर चादरी वाळत घालत होती.

आत्या पडदा बाजूला करून ओरडली, "अगं, खडा!"

"हो ना! केवढा छान दिसतोय उन्हात! फक्त टोचतो हो वन्सं, जरा खोलच केलाय तुम्ही!"

वहिनीचं असं होतं. तिला पेटीत ठेवायच्या गोष्टी कळतच नसत. नव्या कपबश्या रोजच्या चहाला, पाहुण्यांच्या उशा स्वतःच्या डोक्याखाली. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिनं आत्याच्या खोलीचा पडदा दोन्ही हातांनी फाडकन उघडला होता, "अगंबाई, किती कोंदट!" म्हणत. अण्णा स्टुलावरून अर्धे उठले आणि तसेच राहिले. पुढे नियम कळल्यावर तो तिनं इतका मनावर घेतला की दाराशी येऊन गाणाऱ्या बाईसारखी तान घेई, "ऊऽऽन आलंऽऽ हो वन्सं!" चहा निवून जाई, तान संपत नसे. अण्णा मिशीत हसत, आणि आत्या रागावण्याचं सोंग करता करता हातातला खडा चाकावरून उचलून धरी, कारण हसताना हात हलतो.

पण खड्याच्या बाबतीत सोंग नव्हतं. आत्या बघत होती. पहिल्या उन्हाळ्यानंतर कडा निवळल्या. मग गुलाबी म्हणजे नुसती ओठ पुसल्यानंतर राहते तेवढी छटा. भाची चालायला लागेपर्यंत खडा पाण्यासारखा झाला होता. आत्या म्हणे, "माझं सगळ्यात चांगलं काम तू दोरीवर वाळत घातलंस." वहिनी म्हणे, "तुमच्या कुंजबिंजला हवा लागली, वन्सं. कसा मोकळा झालाय बघा!" भाऊ दुकानातून ओरडे, "भांडू नका! गिऱ्हाईक आहे!"

पुढे भावाच्या दुकानात बटणाएवढे लिथियमचे सेल आले, मग फोनच्या बॅटऱ्या. तेव्हा त्यानं आत्याला चिडवलं, "ताई, तुझ्या खड्यातला धातू माझ्याकडे कामाला लागला. तुझा नुसता मिरवतो."

"भट्टीतून काढून गार पाण्यात टाकली तरी न तडकणारी काच करायला हाच घालतात," आत्या म्हणाली. "मन फार वरखाली होणाऱ्यांना डॉक्टर गोळी देतात, त्यातही हाच. तू काय सेलचं सांगतोस!"

वहिनी मध्येच म्हणाली, "एवढा कामाचा धातू, आणि माझ्या गळ्यात बसून नुसता टोचतो!"

असं ते घर होतं. मग अण्णा गेले. मग बऱ्याच वर्षांनी, काहीही ध्यानीमनी नसताना, वहिनी गेली. आजारपण आठवड्याभराचं. त्यानंतर आत्याच्या दाराशी जो कोणी येई तो साध्या आवाजात "ऊन" म्हणे, आणि आत्याला दर वेळी पुढची तान ऐकू येई.

भाचीला दूरच्या शहरात नोकरी लागली, तेव्हा भाऊ ते पदक घेऊन आत्याच्या खोलीत आला. कोंदणाची एक पकड तुटली होती, खड्याच्या एका कडेला टवका गेला होता. तो स्टुलावर बसला, अण्णांच्या.

"पोरीला द्यायचंय जाताना. कड नीट करून दे." मग दिव्याकडे बघत म्हणाला, "ताई, रंग परत येतो का गं ह्याचा?"

"कशाला?"

"लग्नात कसा होता! तिच्या गळ्यात... मी आठवायला जातो ना, तर मला हा असाच दिसतो. पांढरा. तिचा त्या दिवसाचा चेहरासुद्धा मग नीट येत नाही डोळ्यापुढे. म्हटलं, रंग आला तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. गॅरंटीबिरंटी काही म्हणाला नाही.

आत्यानं खरं ते सांगायला हवं होतं. यंत्रात किरणं मारून रंग आणतात, पण त्यात खडा आधी भलताच हिरवा होतो, आणि आणलेला रंगही पुन्हा उन्हात जातो. तसलं यंत्र या गावात नव्हतंच. पण भावाचा तो चेहरा समोर, आणि कपाटात मागच्या बाजूला, काळ्या फडक्यात, अंधारात ठेवलेला दुसरा तुकडा. तिच्या तोंडून निघून गेलं, "येतो. बघते."

त्यानंतरचे दिवस आत्यासाठी जुन्या दिवसांसारखे गेले. तिनं फडकं सोडलं: तुकडा जसाच्या तसा, टोकाकडून बघितला की तोच गुलाबी. तिनं थंड गोंद लावला आणि तो सुकेपर्यंत त्याच्याकडे बघत बसली. मोतीबिंदूचा डोळा मिटून, दुसऱ्यानं आणि मुख्य म्हणजे कानांनी काम केलं. चाकावर खडा गुळगुळीत चालला असेल तर आवाज मांजराच्या गुरगुरण्यासारखा येतो. पदराच्या विरुद्ध गेला की किर्र करतो. किर्र झालं की ती हात उचले, कांडी वळवे, पुन्हा टेकवे. "हां, असा. आता कसा गुणी बाळ," ती खड्याला म्हणे, आणि मग कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून दाराकडे बघे. पांढरा खडा मापासाठी शेजारी ठेवलेला होता. तसाच आकार, तेवढाच खोल. तिच्या मनात एक गोष्ट सारखी डोकं वर काढत होती, आणि ती फार शोभणारी नव्हती: बघा, मी काय केलं होतं ते. वहिनीनं घालवलं ते बघा आता.

खडा टिकला. तिनं तो सराफांकडे नेला. सराफांनी भिंग लावलं, मग काढलं, मग पुन्हा लावलं.

"तसं म्हटलं तर रंग परत आलाय," ते सावकाश म्हणाले.

"आणि तसं म्हटलं तर?"

"तसं मी काही म्हणत नाही." त्यांनी मुकाट्यानं तुटकी पकड जोडून खडा पदकात बसवला.

संध्याकाळी भाऊ आणि भाची आले. आत्यानं पदक दिव्याखाली काळ्या कापडावर ठेवलं. भाऊ वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला. मग खिशातला रुमाल शोधू लागला, त्याला तो सापडेना.

"हाच," तो म्हणाला. "हाच गं. लग्नात तिनं मान वळवली होती फोटोवाल्याकडे, तेव्हा अस्साच..." आणि हसला.

आत्याला जे हवं होतं ते मिळालं होतं. अगदी तेवढंच आणि तसंच.

भाचीनं पदक उचललं. उलटसुलट केलं. "छान आहे," ती म्हणाली.

आत्याचे कान म्हणजे कान. चाकाच्या आवाजात केसाएवढा फरक ओळखणारे. ऑफिसातल्या कुणी वाढदिवसाला फुलदाणी दिल्यावर म्हणतात, ते हे 'छान'.

"काय गं?"

"काही नाही. खरंच छान आहे." भाचीनं खडा डोळ्याजवळ धरला आणि एक डोळा मिटला. "मी लहानपणी आईच्या मांडीवर बसून ह्याच्यातून बघायचे ना, असं. अंगणातली दोरी दिसायची, दहा-बारा वेळा, सगळ्या चादरी उलट्या. आई म्हणायची, बघ, किती धुणं पडलंय माझ्यापुढे!" तिनं आईचा आवाज इतका हुबेहूब काढला की भावाची मान झटकन वर आली. "आता नाही दिसणार तसं, नाही का? रंगामुळे. असू दे. बाबांना आवडलाय ना!"

तिनं पदक हलकेच खाली ठेवलं. आत्याच्या लक्षात आलं की ह्या पोरीनं आपल्या आईचा खडा गुलाबी कधी पाहिलेलाच नाही. ह्या पोरीची आई म्हणजे तो पाण्यासारखा खडा, आणि तो ह्या क्षणी आत्याच्या एप्रनच्या खिशात होता, टवका गेलेला, पॉलिशसुद्धा न केलेला. पोर उद्या गाडीत बसली असती. कुणाला कधीच कळलं नसतं.

"हा तुझ्या आईचा नाही," आत्या म्हणाली.

"म्हणजे?" भाऊ.

आत्यानं खिशातून पांढरा खडा काढून भाचीच्या तळहातावर ठेवला. मग दिव्याच्या ज्योतीपासून सगळं सांगितलं: दुभंगलेला तुकडा, अण्णांचं फडकं, रंग येतो असं खोटंच म्हटलं ते. 

"मला बनवलंस," भाऊ म्हणाला.

"हो."

"मी रडलो इथे बसून. दुसऱ्याच दगडाकडे बघून."

"त्याच दगडाचा आहे रे—"

"ते मला सांगू नकोस!" तो उठला, स्टूल मागे पडलं. पडदा न लावता तो निघून गेला. बाहेरचा रस्त्याचा दिवा आत आला, तरी आत्या उठली नाही.

भाची मात्र बसून राहिली. पांढरा खडा डोळ्याला लावून तिनं त्यातून आत्याकडे पाहिलं. "दहा आत्या," ती म्हणाली. "आणि दहाही रडतायत. आत्या, टवका तेवढा नीट कर. सकाळची गाडी आहे माझी."

आत्यानं तो त्याच संध्याकाळी नीट केला. भाची शेजारी बसून आईच्या आवाजात सूचना देत होती, "जरा कमी खोल करा हो वन्सं!" आणि आत्याला दर थोड्या वेळानं हात उचलावा लागत होता. गुलाबी खडा काढून तिथे पांढरा बसवायला नुकती जोडलेली पकड पुन्हा वाकवावी लागली. सराफ जेवायचं ताट सोडून आले आणि या खेपेला एक अक्षर बोलले नाहीत.

भाची गेली. भाऊ आत्याशी बोलेना. दुकानातून घरात आणि घरातून दुकानात जाताना तो तिच्या दारापाशी पावलं जोरात आपटे, म्हणजे आपण बोलत नाही हे तिला कळावं. आत्या चाक चालवत नव्हती. सुटा गुलाबी खडा समोर घेऊन बसे. सुंदर होता, पण कुणाचाच नव्हता. तो अजून कुणी घातलाच नव्हता.

मग एका संध्याकाळी दाराशी पावलं थांबली.  मग घसा खाकरल्याचा आवाज, आणि भाऊ आत येऊन अण्णांच्या स्टुलावर बसला.

"आहे का तो?" त्यानं विचारलं.

तिनं खडा कापडावर ठेवला. तो बघत राहिला.

"पोरीचा फोन होता," तो म्हणाला. "म्हणते, तिकडे गच्चीवर कपडे वाळत घालते, गळ्यात खडा घालून. टोचतो म्हणाली." मग खड्यावरून नजर न काढता, "ताई, मी रोज बघत होतो गं तिच्याकडे. रंग गेला कधी? मला कळलंच नाही."

आत्याला उत्तर येत होतं. ऊन किती, महिने किती, ते सगळं. तिनं ते सांगितलं नाही. म्हणाली, "ती निळ्या चौकटीची चादर आठवते? जिच्यावरून तुम्ही दोघं भांडला होतात?"

"मी कुठे भांडलो? तीच म्हणाली की निळी नको."

"तूच म्हणालास."

"अगं, ती म्हणाली! मी म्हटलं, घे, टिकेल. त्यावर ती काय म्हणाली माहितेय..." आणि तो सांगू लागला. सांगता सांगता त्याची मान तिच्यासारखी तिरकी झाली, आवाज तिच्यासारखा वर चढला. वहिनी त्याची नक्कल जन्मभर करत आली होती. त्यानं तिची केलेली आत्या पहिल्यांदाच ऐकत होती. चांगली नव्हती. हुबेहूब तर मुळीच नव्हती. आत्या हसत होती.

दिवा लुकलुकला.

"हा दिवा बदल आता," भाऊ म्हणाला. "उद्या दुकानातला आणतो, बॅटरीवरचा. वीज गेली तरी चालेल."

"आण. पण पिवळा आण, पांढरा नको. पांढऱ्यात ह्याचा रंग मरतो."

"पिवळा मागवावा लागेल."

"मग मागव. आणि पुढे सांग. निळी नको म्हणाली, मग?"